पार्वताबाईंची निवासक्षमता

जिल्ह्याच्या राखीव दलाची बराक बंद करण्याचा निर्णय जनतेचा पैसा वाचावा म्हणून घेण्यात आला, आणि तो रास्तच होता. राखीव दलाचं मुख्य काम राखीव राहणं. पूर आला, निवडणूक लागली की बोलवायचं. एरवी जवानांनी वाट पाहत बसायचं. वाट कुठेही बसून पाहता येते, त्यासाठी शासनाने बराक कशाला सांभाळावी, असा प्रश्न निर्णय घेणाऱ्या समितीने विचारला. जिल्ह्यात भिंती आणि छपरं आधीच पुष्कळ होती. ती लोकांनी स्वखर्चाने बांधलेली असल्यामुळे तर अधिकच सोयीची होती.

कोणत्या घरात किती जवान मावतील, याची पाहणी निघाली. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या बेलटोल्याला पाहणी अधिकारी आले, तो दिवस नेमका मंडईचा होता.

आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, रात्रीचा दंडारीचा नाच-तमाशा हे निमित्त; खरी मंडई घराघरांत असते. लेकी, जावई, जावयाचे मामा, मामांचे शेजारी असे सगळे मुक्कामाला येतात. पोरी पाहिल्या जातात, सोयरिकी जुळतात. ज्याच्या घरी जास्त पाहुणे, त्याची मान पुढच्या मंडईपर्यंत ताठ. मी इथला शाळामास्तर. शिकवणं सोडून बाकी सर्व कामांवर माझी नेमणूक असते, म्हणून साहेबांचा फॉर्म भरायला मीच होतो. त्यात महत्त्वाचा प्रश्न एकच होता: 'आपल्या घरी एका वेळी जास्तीत जास्त किती व्यक्ती मुक्कामास राहिल्या?' तो कशासाठी विचारला आहे, हे सांगण्याची तरतूद फॉर्ममध्ये नव्हती.

सरपंच गोमाजींनी छाती फुगवून अठ्ठावीस सांगितले. मग आम्ही पार्वताबाईंच्या दारात गेलो. नवरा वारल्यापासून मायलेकी दोघीच राहतात. दोन खोल्या आणि पुढे सपरी, म्हणजे ओसरी. तिथे तेव्हा चहाच्या कपांची रांग लागली होती.

"बत्तीस जी, साहेब," पार्वताबाई म्हणाल्या. "सरपंचापक्षा चार जास्त. बपेऱ्याचे पावने बी हायेत. आमच्या रश्मीले पाह्याले आले. पसंत हाय म्हनतात. धान चुरून झाले का बैठकीले येतीन."

"दोन खोल्यांत बत्तीस? तुम्ही कुठे झोपता?"

"आमी मायलेकी आंगनात. पावन्यायची कायची अडचन जी? जेवल्याबिगर तं मी कोनाले जाऊच देत नाई."

साहेबांनी मला लिहायला सांगितलं: 'घरमालक स्वेच्छेने बाहेर झोपतात. भोजनाची व्यवस्था उपलब्ध.' मी लिहिलं. माझ्या घराचा रकाना येईपर्यंत प्रश्नाचा रोख मला थोडाफार कळला होता; मी एक लिहिला. सासुरवाडीचं माणूस माझ्याकडे फिरकत नाही, हे दुःख त्या दिवशी पहिल्यांदा कामी आलं.

महिनाभरात आदेश आला. शासन उदार असल्याने बत्तीसचा फक्त चौथा हिस्सा, म्हणजे आठ जवान, पार्वताबाईंना मिळाले. जवान भले होते. त्यांचे हवालदार अंकुश तर पहिल्याच दिवशी बाईंच्या पाया पडले. "मावशी, आमाले बी लाज वाटून राहिली. पन हुकूम हाय."

"लाज कायची बेटा? बस, चहा घे," म्हणून पार्वताबाईंनी आधण चढवलं. ते पुढे उतरलंच नाही.

जवानांबरोबर बंदुका आल्या. त्या आतल्या खोलीत ठेवल्या, त्यामुळे नियमाप्रमाणे ती खोली शस्त्रागार झाली आणि अनधिकृत व्यक्तींना तिथे मज्जाव झाला. घरात अनधिकृत व्यक्ती दोनच होत्या, पार्वताबाई आणि रश्मी. तांदळाची कोठी त्याच खोलीत. आता तांदूळ काढायला पास लागे. पास देणारं कार्यालय बराकीत होतं, आणि बराक बचतीसाठी बंद होती. शेवटी हवालदार अंकुश रोज पायलीभर तांदूळ स्वतः काढून, सलाम ठोकून, घरमालकिणीच्या पदरात घालू लागले.

एवढंही बाईंनी चालवून घेतलं. पण धान चुरून झाले, मळणी उरकली, आणि बपेऱ्याहून निरोप आला: रविवारी सात माणसं येतात, बैठकीत सोयरीक पक्की करून टाकू. पार्वताबाई मला घेऊन थेट जिल्ह्याच्या ठिकाणी साहेबांकडे गेल्या.

"साहेब, एका दुपारपुरती समोरची खोली खाली करून द्या. पोरीच्या सोयरिकीची गोष्ट हाय."

"किती पाहुणे येणार?"

"सात जन."

साहेबांनी तक्ता उघडला. "आपली क्षमता बत्तीस. वापर आठ. म्हणजे चोवीस जागा शिल्लक आहेत. मग खाली कशाला करायची?"

"पावने समोरच्या खोलीत बसवा लागते जी. तिथं जवानायच्या खाटा हायेत."

"पण आपण सात जणांना बोलावलंत, याचा अर्थ सात जणांची सोय आपण करू शकता." साहेबांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद दिसला. "ही माहिती आपण स्वतःहून दिली, याबद्दल शासन आपलं आभारी आहे."

शनिवारी आणखी सात जवान आले.

रविवारी बपेऱ्याची माणसं फाटकापर्यंत आली. अंगणात पंधरा गणवेश वाळत होते, सपरीत चौदा माणसं दाढी करत होती, आणि दारावर बंदूकधारी शिपाई नावं विचारत होता. मुलाच्या काकाने पार्वताबाईंना बाजूला घेतलं. "बाई, पोरीच्या घरी पोलीस काहून बसले? असं काय केलं तुमी?" बाई सांगत होत्या, हात जोडत होत्या. माणसं ऐकत ऐकतच गाडीत बसली. रश्मी नवं पातळ नेसून चुलीपाशी उभी होती. मला त्या दिवशी साहेबांचा राग आला, आणि माझ्या त्या एका आकड्याची लाज वाटली. अजून वाटते.

"पार्वता, आकडा कमी सांगतीस तं काय बिघडलं असतं?" गोमाजी नंतर म्हणाले. त्यांच्याही घरात सात जवान होते.

"खोटं कसं सांगू, भाऊजी? पावने समोर बसले होते. तुमी आमचे पावनेच नाई, असं म्हनू का त्यायले?"

मी साहेबांना पत्र लिहिलं, की एकेका माणसामागे एकेक खोली असलेली घरं शहरांत ओळीने उभी आहेत. जवान तिकडे का पाठवत नाही? उत्तर लगेच आलं. शहरांतली पाहणी केव्हाच पूर्ण झाली होती. फॉर्म तोच, प्रश्नही तोच. साहेबांच्या स्वतःच्या चार खोल्यांच्या फ्लॅटची क्षमता शून्य भरली होती, कारण तिथे आजवर कुणी मुक्कामाला राहिलं नव्हतं. बाकीच्या इमारतींचा अहवालही असाच होता. सबब तिथे जागा नाही.

पाहणीवाले तुमच्याकडेही येऊन गेले. तुम्ही दार अर्धवट उघडलंत, साखळी न काढता म्हणालात, "आमच्याकडे कुणी येत नाही हो." त्यांनी ते तसंच लिहून घेतलं, आणि जनतेचा पैसा वाचवल्याबद्दल तुमचे आभार मानले.