सिद्रामप्पाचं उलट्या काळजाचं पोलाद

आमचा शेजारी सिद्रामप्पा कुणाच्याही घरी गेला की आधी खिशातून लोहचुंबक काढायचा आणि मग "बरं हाय का?" विचारायचा. अडकित्ता, पळी, दाराची कडी, जे दिसेल त्याला चुंबक लावणार, आणि चिकटलं की जुना मित्र भेटल्यासारखा हसणार. माझ्या मेव्हणीच्या साखरपुड्यात त्यानं नवऱ्या मुलाच्या सोन्याच्या बटणांना चुंबक लावला. बटणं टण्णदिशी चिकटली. मांडवातले सगळे नवऱ्या मुलाकडं वळून बघू लागले. सिद्रामप्पा मात्र खुशीत म्हणाला, "अस्सल लोखंड हाय की!" माझी सासू पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हती. शेजारी माझा ना!

तो मूळचा मैंदर्गीचा, आणि सोलापुरात कापडगिरणीत लोहारकाम करायचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि लोखंडाशी भांडायचं तर दोन्ही. कुठल्याही अडचणीवर त्याचा उपाय एकच होता: "भाजून बघूया की!" आमच्या हिची विळी बोथट झाली, तर ती त्यानं लाल करून पाण्यात बुडवली. विळी इतकी कडक झाली की पहिल्याच नारळाला तिचा टवका उडाला. "कडक लई झाली, वैनी, जरा नरम करू," म्हणून पुन्हा भाजली. मग वांगंसुद्धा चिरेना. तिसऱ्यांदा मात्र अशी जमली की हिनं आनंदाच्या भरात स्वतःचं बोट कापून घेतलं.

असा हा माणूस एके दिवशी माझ्या शाळेच्या दारात येऊन उभा. हातात एक लखलखीत पट्टी.

"मास्तर, ष्टेनलेस! गंजत न्हाय म्हणं. रंगखात्यात विलायतेची नवी टाकी बसवली, त्यातनं उरलेली. सायबानं दिली."

"तिचं काय करणार?"

"वाकवणार," एवढंच तो म्हणाला.

पण पट्टी वाकेना. घणाचे घाव बसतील तशी ती जास्तच ताठ होत गेली आणि शेवटी कडेला तडकली. सिद्रामप्पानं ती मला दाखवली. "आत दाणे असत्यात, मास्तर, कणसावाणी. मारलं की चेंगरत्यात आन हटून बसत्यात. भाजलं की मोकळं व्हत्यात." मग तडकलेला तुकडा तोडून उरलेली पट्टी त्यानं लाल केली आणि राखेत पुरून हळूहळू निवू दिली. साधं पोलाद मऊ करायची हीच रीत. पट्टी वाकलीही. पण परीक्षा म्हणून ती मीठ-चिंचेच्या पाण्यात ठेवली, तर चार दिवसांत तिच्यावर तांबडे ठिपके उठले.

न गंजणारं पोलाद गंजलं! सिद्रामप्पाचं जेवणावरचं लक्ष उडालं. चाळीत तर्क सुरू झाले. कुणी म्हणे तलवार करतोय, कुणी म्हणे देवाला प्रभावळ. त्याला विचारलं तर तो खिशातला चुंबक काढून विचारणाऱ्याच्याच बटणांना लावायचा.

शेवटी त्यानं ठिपके घासून काढले, पट्टी पुन्हा लाल केली आणि रागाच्या भरात "जा, मर तिकडं!" म्हणत पाण्याच्या डोणीत फेकली. साधं पोलाद असतं तर कडक होऊन बसलं असतं. थोड्या वेळानं त्यानं ती बाहेर काढली, तर सुतासारखी वाकली. पुन्हा चिंचेच्या पाण्यात ठेवली. ठिपका नाही!

मी भूगोल शिकवत असताना तो वर्गात घुसला. "मास्तर, उलट्या काळजाचं पोलाद हाय हे! बुडवलं की मऊ, मारलं की कडक!" पोरं टाळ्या पिटू लागली. मी हिमालय तसाच टाकून बाहेर आलो.

थंडीचे दिवस होते. एका सकाळी पक्कड मागायला मी त्याच्याकडे गेलो. त्याची धाकटी बहीण नीलव्वा भिंतीला टेकून बसली होती. लहानपणी तापात तिचा एक पाय लुळा पडला, तेव्हापासून ती त्याच्याजवळच. पायाला लोखंडी आधार होता, पण घामानं तो गंजायचा, लुगड्याला डाग पडायचे, कातडी सोलवटायची. म्हणून अलीकडे तिनं तो काढूनच ठेवला होता, आणि उठणंही सोडलं होतं.

सिद्रामप्पा तिच्यासमोर जमिनीवर बसला होता. त्याच पट्टीतून घडवलेल्या नव्या आधाराची एकेक कड तो स्वतःच्या गालावरून फिरवून बघत होता. कुठं बोचत नाही अशी खात्री झाल्यावर त्यानं तो तिच्या पायाला लावला. ती शहारली.

"अण्णा, गार लागतंय."

त्यानं लगेच आधार काढला, सदऱ्याच्या आत पोटाशी धरला, आणि डोळे मिटून बसून राहिला. मग पुन्हा बांधला. चामड्याची वादी त्यानं तिच्या चेहऱ्याकडं बघत हळूहळू आवळली.

नीलव्वा एका हातानं भिंतीला धरून उठली, दुसरा हात त्यानं धरला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. उंबऱ्यापाशी थांबली. बाहेर बायका पाण्याला चालल्या होत्या. तिकडं बघत ती हसली.

"आता सोड की हात, अण्णा."

"सोडतो की," सिद्रामप्पा म्हणाला. पण सोडला नाही.