सोनेरी मोराचा खटला

एका जंगलात, बाळांनो, खोकल्याला फार मान होता. उंच झाडावरच्या वानराला बिबट्या दिसला की तो "खॅक!" करून खोकायचा, आणि खाली चरणारी हरणं पळून जायची. पिढ्यान्‌पिढ्या हे छान चाललं होतं.

मग परक्या मुलखातून एक कोल्हा आला. तो विड्या विकायचा. पाकिटावर असा देखणा सोनेरी मोर, की तरण्या वानरांना ते शेपटीत अडकवून मिरवावंसं वाटे. मिरवता मिरवता ती विड्या ओढूही लागली. मग काय, सगळं झाड दिवसभर खॅक खॅक!

हरणं आधी दर खोकल्याला पळाली. मग दमली. शेवटी कुणी मानसुद्धा वर करेना. त्याच आठवड्यात बिबट्याने ठिपकी हरिणीचं पाडस नेलं.

ठिपकी गवाराजाकडे गेली. "महाराज, माझं गेलं ते गेलं. बाकीच्यांची लेकरं तरी वाचवा."

राजा कनवाळू होता, पण विड्यांवरचा कर त्यालाही आवडायचा. त्याने बंदी घातली नाही. एवढंच फर्मान काढलं, की यापुढे पाकीट शेणाच्या रंगाचं असेल आणि त्यावर मोराऐवजी बिबट्याच्या तोंडातलं पाडस असेल.

कोल्ह्याने गळा काढला. "चित्र बघून कुणी विडी ओढतं का, महाराज? ती नुसती शोभा! आणि ती काढली तर माझा धंदाच बसेल!"

या दोन्ही गोष्टी तो एका दमात बोलला.

मग तो बेटावरच्या आंतरजंगलीय व्यापार न्यायपीठाकडे धावला. पण तिथे एका राज्यावर फिर्याद फक्त दुसऱ्या राज्यालाच करता येई. म्हणून त्याने वाळवंटाचा राजा उंट गाठला. उंटाच्या राज्यात तंबाखूचं एक पानही नव्हतं.

"आमच्याकडे पिकत नाही," उंट न्यायपीठापुढे म्हणाला. "पण पिकली असती, तर आम्ही तिच्या पाकिटावर मोर काढला नसता का?"

"मुद्दा गंभीर आहे," न्यायाधीश कासव म्हणालं, आणि विचार करायला दोन वर्षं कवचात गेलं.

डोकं बाहेर काढल्यावर त्याने ठिपकीची साक्ष घेतली. तिने रडत रडत सगळं सांगितलं.

"दुःख समजलं, बाई," कासव व्यापार करार चाळत म्हणालं. "पण पाडस धरायचं कशात? आयातीत की निर्यातीत?"

तिच्या जागी मी त्या कासवाला सरळ उलटं करून ठेवलं असतं.

घरी तोवर शेणाच्या रंगाचं पाकीट मिरवायला वानरं लाजू लागली होती. झाड बरंचसं शांत झालं होतं.

सातव्या वर्षी निकाल लागला. जंगल जिंकलं! फर्मान करारात बसतं, असं कासवाने तीनशे पानांत लिहून दिलं.

ठिपकी आनंदाने बाहेर आली, तर पायरीवर कोल्हा पेढे वाटत होता.

"अरे, हरलास ना तू?"

"हरलो की! घ्या ताई, पेढा घ्या. शेजारची अकरा जंगलंही माझ्या पाकिटांवरचा मोर पुसणार होती. पण आधी या खटल्याचं काय होतं ते बघू, म्हणून सात वर्षं थांबली."

"तिथेही हरणं आहेत ना रे?"

"असतील," कोल्हा म्हणाला, आणि तिने न घेतलेला पेढा त्याने आपल्याच तोंडात टाकला.

तात्पर्य: खरं बोलणारा शेवटी जिंकतोच, बाळांनो. म्हणून शहाण्याने तो शेवट होता होईल तितका लांबवावा.