चालवणाऱ्याचा पाय

बोरीवलीच्या मधुमालती सोसायटीत झुळूक नावाची छोटी गाडी पहिल्यांदा आणली ती आमचे सेक्रेटरी मार्तंड कर्णिक यांनी. त्यांनी पेढे वाटले, सगळ्यांना एकेक चक्कर मारून आणली आणि डिकी किती ऐसपैस आहे हे पटवायला स्वतः आत बसून दाखवलं. वर्षभरात निम्म्या सोसायटीने झुळूक घेतली. मीही घेतली. शेजाऱ्याने चांगली म्हटलेली वस्तू आपल्याकडे नसली की आमच्याकडे माणसाची झोप उडते.

गाडी तशी गुणी. तिचा स्क्रीन रोज सकाळी नमस्कार करतो आणि मग काळा पडतो. एसी डावीकडच्याला गार हवा देतो, उजवीकडच्याला नुसता आवाज. आणि तळघरातल्या पार्किंगमधून वर येताना, रॅम्पच्या वळणावर, तिचा ऑटोमॅटिक गिअर विचारात पडतो. गाडी थबकते, किंचित मागे येते आणि बंद पडते. सगळ्यांचीच पडते, आणि तिथेच पडते. पण याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. बोललं की बाहेर फुटतं, बाहेर फुटलं की गिऱ्हाईक येत नाही, आणि आपापली झुळूक आज ना उद्या प्रत्येकाला विकायचीच होती. त्यामुळे गाडी बंद पडली की मालक खिशातून फोन काढून कानाला लावायचा. त्याच्या मागे अडकलेला मालकही समजूतदारपणे आपला फोन काढायचा. मधुमालतीतले पुरुष फार कामात असतात, असा आसपास लौकिक झाला.

घोळ झाला तो कुंदावहिनींमुळे. कर्णिकांच्या या पत्नी बँकेतून निवृत्त झाल्या आणि हौसेने गाडी शिकल्या. मुलुंडला त्यांची आई. तिला त्यांनी शब्द दिला होता की मी स्वतः गाडी चालवत येईन आणि तुला राहायला घेऊन जाईन. म्हातारी तेव्हापासून पिशवी भरून वाट बघत होती. वहिनी पहिल्याच दिवशी रॅम्पवर अडकल्या. अशा वेळी फोन काढायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी वर येऊन चारचौघांत सांगितलं की गाडी बंद पडली.

मग मार्तंडरावांनी घसा खाकरून खुलासा केला की गाडीत दोष नाही, हिचा हात अजून बसलेला नाही. आम्ही सगळ्या झुळूकवाल्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

वहिनी सर्व्हिस सेंटरला गेल्या. तिथल्या सौरभ नावाच्या तरुणाने गाडी कॉम्प्युटरला जोडली आणि मॅडमचा पाय हलका पडतो असं निदान केलं. वहिनींनी पाय जड केला. गाडी बंद पडतच राहिली. पुढच्या खेपेला त्याने पाय जड पडतो असं निदान केलं. वहिनींनी गाडीबद्दल विचारलं, तेव्हा तो आदराने म्हणाला, "गाडीत फॉल्टच नाही मॅडम. हॅबिटचा प्रॉब्लेम आहे." वहिनी हाडांच्या डॉक्टरांना पाय दाखवून आल्या. पाय उत्तम निघाला, म्हणजे डोक्यातच काहीतरी बिघडलं असेल, असं त्या स्वतःशी म्हणू लागल्या. मुलुंडला जाणं पुढे ढकललं गेलं.

पण खरं बोलण्याची त्यांची खोड काही जाईना. शेवटी कमिटीने ठराव करून रॅम्पच्या वळणावर फलक लावला: 'सुरक्षेच्या कारणास्तव प्रत्येक वाहनाने या ठिकाणी पूर्णपणे थांबणे बंधनकारक आहे.' त्या दिवसापासून आमच्या गाड्या नियम पाळू लागल्या. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या शर्मिष्ठा पेठेची, वडिलांच्या काळातली खटारा गाडी एका दमात वर यायची. तिला आधी नोटीस गेली, मग दंड झाला. अखेर ती बिचारी वळणावर स्वतःच्या हाताने इंजीन बंद करून फोन काढू लागली.

वार्षिक सभेत शिस्तप्रिय चालक म्हणून कुंदावहिनींचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. त्यांचा जीव भांड्यात पडला. आपल्याला जमलं, असं वाटून त्यांनी लगेच येत्या रविवारी मुलुंड गाठायचं ठरवलं.

मार्तंडराव शेजारी बसले. मला कांजूरमार्गला काम होतं, म्हणून मी मागे. कांजूरमार्गच्या पुलाच्या चढावर गाडी थबकली, किंचित मागे आली आणि बंद पडली. तिथे फलक नव्हता. मागून हॉर्नचा गदारोळ सुरू झाला. सवयीने मार्तंडरावांनी फोन कानाला लावला. मीही लावला.

वहिनींनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग आरशातून माझ्याकडे.

"दोघांनाही एकदमच फोन आला?" त्यांनी विचारलं. "अहो, खरं सांगा. तुमच्या हातातही ही अशीच बंद पडते ना?"

"पडते," मार्तंडराव पुटपुटले. "सगळ्यांचीच पडते. पण बोललो असतो तर विकली गेली नसती गं."

वहिनींनी फक्त बोटाने दाराकडे खूण केली. आम्ही दोघे उतरून ढकलू लागलो. एका तरुणाने स्कूटर बाजूला लावली आणि तोही येऊन जोर लावू लागला. आपलं नाव अनय, असं सांगून त्याने ढकलता ढकलताच विचारलं, "काकू, झुळूक ना ही? मी पण घ्यायचं म्हणतोय यार. कशी आहे गाडी?"

मला वाटलं, संपलं. आता वाट लागली. इतके महिने गिळलेलं सगळं बाहेर पडणार, आणि तो त्यांचा हक्कच होता. वहिनींनी काच खाली घेतली आणि धापा टाकणाऱ्या नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"एकदम झकास," त्या म्हणाल्या. "आमच्या निम्म्या सोसायटीकडे आहे, एकाचीही तक्रार नाही. हीच देऊन टाकायची आहे आम्हाला. फक्त चालवणाऱ्याचा पाय नीट हवा."

अनयने वाकून आपल्या पायाकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात तो गाडी घेऊन गेला.

म्हातारी बोरीवलीला आली ती शर्मिष्ठाच्या खटाऱ्यातून. चालवत अर्थात वहिनी होत्या. आता त्या आईला रोज फिरवून आणतात, फलकापाशी थांबत नाहीत आणि दंड हसत हसत भरतात.

माझी झुळूक मात्र अजून विकायची आहे. खात्री करायची असेल तर तुमच्या ओळखीतल्या कुठल्याही झुळूकवाल्याला विचारा, तो चांगलंच सांगेल. आणि तुमच्याकडेच झुळूक असेल, तर कोणी विचारल्यावर काय सांगायचं हे मी तुम्हाला शिकवायला नको.