पार्वतीबाईंच्या बैठकीतला समुद्र

मनोहरराव पाण्याची राखण करत बसले होते. पाण्यात मासा नव्हता, झाड नव्हतं, काहीच नव्हतं. काचेची भलीमोठी टाकी, तळाला वाळू, आणि वर गढूळ, वास मारणारं पाणी. रिटायर झालेल्या माणसाला उद्योग सुचतात हे पार्वतीबाईंना ठाऊक होतं. पण म्हणून कोणी भर बैठकीत डबकं मांडल्याचं अख्ख्या प्रतापनगरात त्यांनी ऐकलं नव्हतं.

"अवो, हे फेकत काहून नाही?"

"पिकून राहिलं ते."

"पाणी का सीताफळ आहे पिकाले?"

मनोहररावांनी थकल्या आवाजात पुन्हा समजावलं. समुद्राचा मासा असा उचलून पाण्यात सोडता येत नाही. आधी पाण्यात खास मीठ घालायचं. मग झिंग्याचा तुकडा टाकायचा आणि तो सडू द्यायचा. त्या घाणीवर डोळ्याला न दिसणारे जंतू वाढतात आणि घाण खाऊन टाकतात. मग एक दिवस पाणी आपोआप आरशासारखं होतं, वास जातो. तेव्हाच मासा सोडायचा.

"म्हणजे पहिले घाण करायची," पार्वतीबाई म्हणाल्या, "मंग ते खायले किडे पाळायचे, अन मंग मासा आणून पुन्हा घाण करायची. इथं मी जन्मभर घासूपुसू मेली, अन तुम्ही घाणीची वाट पाहून राहिले."

हे सगळं जावयापायी होतं. मुलगी शामला मुंबईला दिलेली. उन्हाळ्यात तिच्याकडे गेले असताना जावई रुपराव यांच्या साहेबांच्या घरी मनोहररावांनी एक केशरी मासा पाहिला, पांढऱ्या पट्ट्यांचा, आणि ते लहान पोरासारखे टाकीला नाक लावून उभे राहिले. "मामाजी, हा नागपुरात चार दिवस नाही काढायचा," रुपराव चारचौघांत हसले. ते हसू मनोहररावांनी परतीच्या गाडीत थेट नागपूरपर्यंत सोबत आणलं. पण त्याआधी शब्द देऊन आले होते. पाणी मी तयार ठेवतो, महालक्ष्म्यांच्या जेवणाला येताना मासा तुम्ही आणा. मग पाहू.

अडचण एवढीच की महालक्ष्म्याही त्याच बैठकीत बसत.

सण तोंडावर आला आणि शेजारच्या इंदुताई दारातच नाकाला पदर लावून थांबल्या. "पार्वतीबाई, वास कायचा येते वं?"

आपल्या माळकरी घरात झिंगा सडतोय हे सांगण्यापेक्षा जीभ झडलेली बरी. "घूस मेली," पार्वतीबाई म्हणाल्या. "सापडून नाही राहिली."

तासाभरात इंदुताईंचे यजमान वामनराव काठी आणि टॉर्च घेऊन हजर. कपाट सरकलं, गव्हाची कोठी सरकली, मनोहररावांची खाट भिंतीला उभी राहिली. गल्लीतले दोघं कौलांवर चढले आणि चांगली कौलं फोडून उतरले. घूस सापडेना, कारण ती नव्हती.

"या टाकीजवळ वास जास्त येते," वामनराव म्हणाले.

"ते पाणी आहे," मनोहरराव म्हणाले.

"पाण्याले वास नसते मनोहरराव. घूस हिच्या मागंच असन. उचला टाकी."

टाकी उचलली गेली नाही. पण संध्याकाळी इंदुताई मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाल्या, "औंदा महालक्ष्म्या आमच्याकडे बसवू. मेलेल्या घुशीच्या वासात देवीले कसं जेवू घालता? आमची बैठकही मोठी आहे."

पार्वतीबाई सून म्हणून आल्या तेव्हापासून महालक्ष्म्यांनी त्यांचा उंबरा सोडला नव्हता. आणि इंदुताईंचं पुरण त्यांनी खाल्लं होतं. देवीनं असं काय पाप केलं होतं?

दुसऱ्या सकाळी मनोहरराव फिरायला गेले, तशी त्यांनी मोलकरणीला, अंजनाबाईला, हाक मारली. दोघींनी टाकीतलं सगळं पाणी परसात ओतलं. झिंग्याचा उरलासुरला अवशेष नालीत गेला. काच राखेनं घासली, मग चिंचेनं घासली. वाळूला दोन उकळ्या दिल्या. मग विहिरीचं स्वच्छ पाणी काठोकाठ भरलं.

"बाई, मीठ टाकाचं ना?"

"मीठ पाण्यात दिसते का?"

"नाही."

"मंग झालं."

सण उरकला की त्यांनी पुन्हा हवं ते सडवत बसावं, असा पार्वतीबाईंचा हिशेब होता. तसं सांगायचं ठरवून, चार कडक वाक्यं तोंडात तयार ठेवून त्या दारात उभ्या राहिल्या.

मनोहरराव आले. टाकीसमोर थांबले. टोपी काढली.

"पिकलं," ते हळूच म्हणाले. "पाहिलं का तुम्ही? आरसा."

त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. रिटायर झाल्यापासून या माणसाचा असा चेहरा पार्वतीबाईंनी पाहिला नव्हता. चारही वाक्यं त्यांनी गिळली. "दिसते मले," एवढंच म्हणाल्या. मागून मूठभर मीठ टाकू, असं त्यांच्या मनात होतं. पण महालक्ष्म्या आल्या, सोवळं सुरू झालं, आणि झिंगा सडलेल्या टाकीला सोवळ्यात हात कसा लावायचा? राहून गेलं.

जेवणाच्या दिवशी सकाळी रुपराव आणि शामला आले. रुपरावांच्या हातात ओल्या टॉवेलात गुंडाळलेला डबा होता. मासा टाकीत सुटला. केशरी, पण नुसताच केशरी.

"पट्टे कुठं गेले?" मनोहररावांनी विचारलं.

"मामाजी, वय वाढलं की येतात," रुपराव म्हणाले आणि घाम पुसू लागले.

स्वयंपाकघरात शामला आईच्या कानाशी लागली. "आई, खरा मासा भुसावळलेच मेला. हा इथल्याच बर्डीच्या बाजारातून घेतला, गोड्या पाण्यातला. खाऱ्या पाण्यात घटकाभर नाही जगायचा. हे म्हणतात, मेला की बाबांचं पाणीच कच्चं होतं म्हणून मोकळं होऊ."

पुरणाच्या कढईतला पार्वतीबाईंचा झारा क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरू लागला. कित्येक दिवसांनी त्यांचा जीव जरासा हलका झाला.

पंगत बसली. रुपरावांचं लक्ष ताटात नव्हतं. मासा कधी उलटा होतो याची ते वाट पाहत होते. मासा टाकीत मजेत फिरत होता. आंबील संपली, पुरण संपलं, पान झालं. मासा फिरतच होता.

"मामाजी," रुपराव अखेर खचल्या आवाजात म्हणाले, "मानलं तुम्हाले. तुमच्या पाण्यात काहीही जगन."

मनोहररावांनी आजूबाजूला पाहिलं. इंदुताई ऐकत होत्या, वामनराव ऐकत होते. त्यांनी समाधानानं ढेकर दिली आणि फळीवरचा मिठाचा डबा काढला. "आता मासा आला, रोज चिमूटभर लागन. समुद्राचं मीठ घालतो थोडं."

"नको," रुपराव म्हणाले; मिठानं मासा मेला तर बर्डी उघडी पडायची. "नको," शामला म्हणाली. आणि पार्वतीबाई तर सोवळं विसरून मध्येच येऊन उभ्या राहिल्या.

"काहून नको?" मनोहररावांनी डबा उघडत विचारलं.

"मिठाचा हात बाईचा पाहिजे," पार्वतीबाई म्हणाल्या आणि डबा काढून घेतला. "तुम्ही भाजीत तरी कधी बरोबर टाकलं?"

तेव्हापासून ते काम त्यांच्याकडे आहे. रोज सकाळी, सगळं सोडून, त्या टाकीसमोर येतात आणि रिकामी मूठ पाण्यावरून फिरवतात.

"बरोबर पडलं ना?" मनोहरराव पेपरामागून विचारतात.

"मीठ का मी आज टाकून राहिली?" पार्वतीबाई म्हणतात, आणि हात पदराला पुसतात.