व्याह्यांची मोसंबी

वैजनाथरावांनी झाडाखाली गळून पडलेल्या फळाची फोड तोंडात टाकली आणि त्यांचा उजवा डोळा आपोआप मिटला. मग उरलेल्या फोडी त्यांनी मुकाट्यानं बायकोपुढं धरल्या. वनमालाबाईंनी एक चाखली, अंगणातच थुंकली आणि म्हणाल्या, "अहो, ही मोसंबी न्हाय. ह्यानं देवाची भांडी लख्ख निघतील."

तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यापासून वैजनाथरावांनी धाराशिवच्या घरामागं हे एकच झाड पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. शेणखत, निंबोळी पेंड, दर आठवड्याला आळं साफ करणं. पानं खाणाऱ्या अळ्या तर ते चष्मा लावून चिमट्यानं वेचत. रोप दिलं होतं व्याही आण्णासाहेबांनी. तेरला त्यांची मोसंबीची मोठी बाग. वैजनाथरावांची लेक निकिता त्या घरात दिली, तेव्हा आण्णासाहेबांनी स्वतः येऊन हे रोप लावून दिलं होतं. यंदा पाचव्या वर्षी पहिली फळं धरली. 'तुमच्या हातानं पहिलं फळ तोडा' म्हणून वैजनाथरावांनी तीनदा फोन केला, तेव्हा कुठं आण्णासाहेब यायला तयार झाले. ते उद्या सकाळी येणार होते.

शेजारचे शांतलिंगअप्पा पूर्वी रोपवाटिकेत कामाला होते. त्यांना भिंतीवरून हाक मारून बोलावलं. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली.

"काटे केवढं, बघितलं का? साल कशी खडबडीत. ही जंबेरी हाय मालक. ह्या आंबट लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा, म्हंजी कोंब, कलम करून बांधत्यात. तुमचा डोळा गेला आन् नुसता खुंट वाढला. बुडाजवळची काडी-बिडी कापली होती काय?"

वैजनाथरावांना पहिला पावसाळा आठवला. बुंध्याच्या बाजूला एक मरतुकडी काडी होती. रोपाला भार नको म्हणून त्यांनी ती छाटली होती.

"एकच कापली," ते म्हणाले.

"बास की. तीच मोसंबी."

अप्पा गेल्यावर वनमालाबाई म्हणाल्या, "फोन करून खरं सांगून टाका."

"काय सांगू? तुम्ही दिलेली मोसंबी मी कापली आणि हे काटेरी पाच वर्षं पोसलं? निकिताला सासरी जन्मभर ऐकावं लागंल."

"मग येऊ नका म्हणा."

"मीच तीनदा बोलावलंय. ते तर टाळतच होते."

संध्याकाळी वैजनाथराव पिशवी घेऊन बाहेर पडले आणि बाजारातल्या गुंडाप्पाच्या फळांच्या गाड्यावरून डझनभर मोसंबी निवडून घेऊन आले. सगळ्यात मोठी नाहीत, सगळ्यात लहान नाहीत. पहिल्या बहराला शोभतील अशी. सकाळी उजाडल्याबरोबर त्यांनी झाडावरच्या जंबेऱ्या तोडून धुण्याच्या मशिनीत लपवल्या. मग वनमालाबाईंच्या शिवणाच्या डब्यातला हिरवा दोरा दाभणात ओवला, आणि एकेक मोसंबी देठापाशी टोचून फांदीला बांधायला घेतली. बारावी बांधून होईपर्यंत दोन्ही हात मांजरानं ओरबाडल्यागत झाले होते.

लांबून बघितलं तर झाड झकास दिसत होतं. जवळून बघितल्यावर वैजनाथराव फडकं आणायला धावले. दाभणाच्या भोकातून रस पाझरत होता आणि बुंध्यापासून प्रत्येक मोसंबीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. ते फडकं घेऊन मुंग्या झटकतात न झटकतात तोच दारात रिक्षा थांबली.

आण्णासाहेब एरवी घरात शिरायच्या आधी त्यांचा आवाज शिरत असे. आज ते गप्प होते. मागून आलेल्या त्यांच्या पत्नी तुळजाबाई वनमालाबाईंच्या कानात म्हणाल्या, "कालपासून ह्यांना घास जाईना. काय झालंय, सांगत बी न्हाईत."

"चहा राहू द्या," आण्णासाहेब म्हणाले. "आदी झाड बघू."

ते झाडापुढं जाऊन उभे राहिले. वैजनाथरावांनी आपले हात पाठीमागं धरले होते.

"मुंग्या चढल्यात," आण्णासाहेब म्हणाले.

"चढतात अधूनमधून."

"आंबटावर मुंगी चढत न्हाय, वैजनाथराव."

त्यांनी एक मोसंबी जोरात ओढली. दोरा तुटून फांदीलाच राहिला, तो त्यांना दिसला नाही. खिशातला चाकू काढून त्यांनी फोडी केल्या, एक तोंडात टाकली आणि ते धुण्याच्या दगडावर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"गोड हाय," ते म्हणाले. "लई गोड. पाच वर्षं माझ्या जिवाला घोर होता. तुम्हाला दिलं ते रोप ज्या खेपेतलं, त्याच खेपेतली म्या बांधावर लावली. सगळी जंबेरी निघाली. रोपांना डोळाच बांधलेला नव्हता. तुम्ही फोन केला की वाटायचं, आता इज्जत जाणार. पोरीच्या बापाला म्या आंबट लिंबू दिलं म्हणून सगळे सोयरे हसणार."

वैजनाथरावांच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. कापलेली ती काडी मोसंबीची नव्हतीच. ते मनापासून हसणार होते, तेवढ्यात आण्णासाहेब उठले.

"एक मागणं हाय. आमच्या बागेत असली गोडी न्हाय. ह्याच्या काड्या द्या. डोळे भरतो आन् दोनशे रोपं करतो."

वैजनाथरावांना दोनशे काटेरी झाडं एका रांगेत दिसली.

"आज अमावस्या हाय," ते म्हणाले. "आज काडी तोडू नये."

"आज पंचमी हाय," वनमालाबाई म्हणाल्या. त्या आता नवऱ्याला सोडवायला तयार नव्हत्या.

आण्णासाहेबांनी चाकू फांदीला लावला.

"थांबा," वैजनाथराव म्हणाले. "ही फळं दोऱ्यानं बांधलेली हायेत. तुमचं म्हणणं खरं हाय, ही जंबेरीच हाय. मोसंबी म्या बाजारातनं आणली." आणि पुरावा म्हणून त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

आण्णासाहेबांनी ओरखडे बघितले. फांदीला लोंबणारा हिरवा दोरा चिमटीत धरला.

"दाभणानं ओवली काय?"

"व्हय."

तुळजाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरलं नाही. मग आण्णासाहेबांचा नेहमीचा आवाज परत आला. ते इतके हसले की शांतलिंगअप्पा भिंतीवरून डोकावले आणि पोहे खायला इकडंच आले. आण्णासाहेबांनी कालपासूनची भूक भरून काढत तीन बशा संपवल्या.

"झाड तोडू नका," ते निघताना म्हणाले. "खुंट दणकट झालाय. फांद्या छाटू, नवी फूट आली की म्या स्वतः येऊन डोळे भरतो. फक्त माझ्या बागंतले नको. ही बाजारातली मोसंबी कुठल्या बागंतली, तेवढं विचारा. त्या माणसाच्या हातात कला हाय. त्याच्याच काड्या आणू."

वैजनाथरावांनी वनमालाबाईंकडं बघितलं. गुंडाप्पानं पिशवीत मोसंबी टाकतानाच सांगितलं होतं, 'डोळे झाकून न्या साहेब, तेरच्या आण्णासाहेबांचा माल हाय.'

"विचारून ठेवतो," वैजनाथराव म्हणाले, आणि वाटेत खायला म्हणून झाडावरच्या आणखी सहा मोसंब्यांचे दोरे सोडवू लागले.