तायडेभाऊंची सक्तीची रजा

बार्शीटाकळीच्या गुरांच्या दवाखान्यात बैल आणला, की तायडेभाऊ आधी डोक्यावरची टोपी काढून खुंटीला अडकवत. मग बैलाच्या पोटाला कान लावून, डोळे मिटून बराच वेळ उभे राहत. मालक बिचारा त्यांच्या तोंडाकडे बघत असे. शेवटी तायडेभाऊ डोळे उघडून म्हणत, "मले तं काहीच समजून नाही राहिलं." हे ऐकलं, की मालकाचा जीव भांड्यात पडे. कारण तायडेभाऊंना समजलं नाही म्हणजे बैल वाचणार, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. ते "समजलं" म्हणाले, तर मालक मुकाट्यानं डोळ्यांना धोतराचा सोगा लावी.

मी तिथे कारकून म्हणून रुजू झालो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी अमरावतीचा, राजापेठेत वाढलेला. जनावरांपैकी मला टांग्याचा घोडा तेवढा ओळखू येई, तोही टांग्याला जोडलेला असला तर. पहिल्याच दिवशी दवाखान्याचा मुख्य माणूस सगळ्यांदेखत "काही समजत नाही" म्हणतो, हे पाहून मी वडिलांना पत्र टाकलं, की इथलं काही खरं दिसत नाही. पुढे महिन्याभरानं दुसरं पत्र टाकावं लागलं.

कागदोपत्री तायडेभाऊ कंपाउंडर. डॉक्टर अकोल्याहून आठवड्यातून दोनदा येत, आणि त्यांना बार्शीटाकळीचा रस्ता पाठ होईस्तोवर त्यांची बदली होई. त्यामुळे औषधं, कुलपं, चारा, भांडणं आणि नवे डॉक्टर हे सगळं अठरा वर्षं तायडेभाऊच सांभाळत आले होते. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. अठरा वर्षांत त्यांनी एकदाच रजा घेतली होती, छप्पन सालच्या दसऱ्याला, नागपूरला दीक्षा घ्यायला. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला ते परत कामावर होते. त्यांच्या हातचं पाणी न पिणारे काही लोक गावात तेव्हाही होते आणि नंतरही राहिले. तेच लोक आपल्या बैलाला मात्र तायडेभाऊंच्याच हातून औषध पाजून घेत, डॉक्टर समोर उभा असला तरी. याबद्दल मी एकदा चिडून बोललो, तर तायडेभाऊ म्हणाले, "बैल पेते ना? मंग झालं."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वरून हुकूम आला. आमचा दवाखाना मोठा होणार होता, नवी इमारत, कायमचे डॉक्टर आणि त्यावर एक व्यवस्थापक. तायडेभाऊंनी अमरावतीला जाऊन तीन आठवड्यांचं व्यवस्थापनाचं आणि नेतृत्वाचं प्रशिक्षण घ्यायचं, त्यात पास झाले तर तेच व्यवस्थापक. नापास झाले तर बाहेरून माणूस येणार आणि तायडेभाऊंची बदली मेळघाटात. ते निवृत्तीला सहा वर्षं उरलेले गृहस्थ. हुकूम त्यांनी तीनदा वाचला, घडी घालून टोपीत ठेवला आणि अमरावतीला गेले.

परत आले ते एक जाडी वही घेऊन. प्रशिक्षण कसं झालं, असं विचारलं तर म्हणाले, "बाबू, शिकवणारे साहेब लय हुशार. तीन हप्ते बोलले. एका बी दिवशी ढोराचं नाव नाही काढलं."

वहीत जे लिहिलं होतं ते सगळं करायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. पहिला धडा, रोज सकाळी सहकाऱ्यांची सभा. सहकारी म्हणजे मी आणि ड्रेसर गुलाब. गुलाबचं काम जनावरं लाकडी खोड्यात अडकवणं, जखमा धुणं, पट्ट्या बांधणं. आम्ही तिघं व्हरांड्यात तीन स्टुलांवर गोल करून बसायचो. तीन स्टुलांचा गोल होत नाही, म्हणून तायडेभाऊ रोज स्टुलं सरकवून पाहत. मग विचारत, "आज आपलं उद्दिष्ट काय?" गुलाब म्हणे, "समोर म्हैस हाय." मग तो उठून म्हशीकडे जाई, आणि सभा संपे.

दुसरा धडा, हाताखालच्या माणसाची दिवसातून तीनदा स्तुती करावी. तायडेभाऊंनी जन्मात कोणाची स्तुती केली नव्हती. ते वहीत बघून येत आणि खोड्याजवळ उभं राहून गंभीरपणे म्हणत, "गुलाब, शेपूट चांगली धरली." दुपारी, "गुलाब, बादली चांगली ठेवली." चौथ्या दिवशी गुलाब माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"बाबू, खरं सांगा. भाऊ मले कामावून काढून तं नाही राहिले?"

"काहून?"

"काल तीनदा चांगलं म्हणतलं. बारा सालात एकदा नाही म्हणतलं."

मी त्याला वहीचं सांगितलं. त्याला हायसं वाटलं, पण स्तुती झाली की दचकायची त्याची सवय काही गेली नाही.

इथवर ठीक होतं. शेवटचा धडा मात्र अवघड निघाला. खऱ्या नेत्याची परीक्षा त्याच्या गैरहजेरीत होते, म्हणून प्रत्येकानं आठ दिवस सक्तीची रजा घ्यायची. त्या आठ दिवसांत काम अडलं नाही तर माणूस पास. अडलं तर नापास. अहवाल हाताखालच्या माणसानं भरायचा, म्हणजे मी.

तायडेभाऊ दोन दिवस त्या अहवालाचा छापील फॉर्म घेऊन फिरत होते. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसले.

"बाबू, तुमी शिकले सवरले. मले हे सांगा. मी नसलो आन काम चाललं, तं मी पास."

"हो."

"मी नसलो आन काम अडलं, तं मी नापास."

"हो."

"म्हंजे माही गरज नाही असं दिसलं, का मले ठेवतीन. आन गरज हाय असं दिसलं, का मले मेळघाटात धाडतीन." त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला. "हे समजून नाही राहिलं. बाकीचं बी नव्हतं समजलं, पण हे तं खरंच नाही समजून राहिलं."

मी शिकलेला होतो, मलाही समजत नव्हतं. मी म्हणालो, "तुम्ही रजा घ्या तर. कुठेतरी जाऊन या."

कुठे, हा प्रश्न त्यांना पडलेला मला दिसला. एक चुलत बहीण भातकुलीला होती. सोमवारी सकाळी तायडेभाऊ धुतलेला सदरा घालून, हातात पिशवी घेऊन मोटारीत बसले. गुलाबच्या हातात त्यांनी औषधांच्या कपाटाची किल्ली ठेवली आणि दोनदा परत घेऊन पुन्हा ठेवली.

पहिल्या दिवशी चार जणांनी "कंपाउंडर कोठी गेले?" म्हणून विचारलं. एक तर गाय घेऊन परत निघाला होता, गुलाबनं त्याला थांबवलं. दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं नाही. डॉक्टर आले आणि गेले. मला थोडं नवल वाटलं आणि थोडा रागही आला, लोकांचा.

बुधवारी सकाळी रांगेत तायडेभाऊ उभे. एका हातात तीच पिशवी, दुसऱ्या हातात बकरीची दोरी. मी उठून बाहेर गेलो.

"भाऊ, तुमची रजा आहे."

"रजेवरच हाव ना. वहीत लिहेल हाय का अधिकारी म्हून पाय ठेवाचा नाही. बकरीवाला म्हून येऊ नये असं कोठी लिहेल हाय?"

"बकरी कोणाची?"

"शेजारणीची."

"आणि भातकुली?"

"जाऊन आलो," ते म्हणाले. "चांगले हायत सगळे. कामात राह्यतात." एवढं बोलून ते रांगेत एक पाऊल पुढे सरकले.

नंबर आला. गुलाबनं ओळख दाखवली नाही, हे मात्र मानलं पाहिजे. त्यानं विचारलं, "काय होऊन राहिलं बकरीले?" तायडेभाऊ म्हणाले, "उदास राह्यते. खाऊन नाही राहिली." गुलाबनं टोपी काढली. तोवर मला माहीत नव्हतं, की तोही टोपी काढतो. त्यानं बकरीच्या पापण्या उलटून पाहिल्या, हिरड्या पाहिल्या, कान हातात धरून पाहिले, पोटाला कान लावला. तेवढ्यात बकरीनं माझ्या टेबलावरचा एक कागद खाल्ला.

"मालक," गुलाब म्हणाला, "बकरी चांगली हाय. तुमीच जेवून नाही राहिले वाटते."

रांगेतले लोक हसले. तायडेभाऊही हसले, पण जाताना बकरी त्यांना ओढत होती, ते तिला नव्हे.

शुक्रवारी खरा प्रसंग आला. ओला चारा खाऊन फुगलेला एक बैल लोकांनी धरून आणला. डाव्या बाजूला पोट ढोलासारखं झालेलं, जीभ बाहेर, चालताना झोकांड्या. डॉक्टर अकोल्याला. मालक नुसता हात जोडून उभा. गुलाबनं टर्पेंटाइन आणि जवसाचं तेल एकत्र केलं आणि बांबूच्या नळीनं थोडं थोडं पाजायला घेतलं. मला काही करण्यासारखं नव्हतं म्हणून मी कुंपणाकडे पाहिलं. तारेपलीकडे बाभळीखाली तायडेभाऊ उभे होते. दोन्ही हातांनी त्यांनी तार धरली होती. गुलाबनं नळी जरा जास्त वर केली तेव्हा त्यांचं तोंड उघडलं. घाईनं पाजलेलं औषध बैलाच्या फुफ्फुसात जातं, हे मलाही एव्हाना माहीत झालं होतं. आत यायला फाटक दहा पावलांवर होतं. त्यांनी तोंड मिटलं. गुलाबनं आपणहून नळी खाली घेतली, बैलाला खोकू दिलं, थांबला, पुन्हा पाजलं. तासाभरानं बैलानं मोठा ढेकर दिला आणि मालक खाली बसून रडायला लागला. मी पुन्हा कुंपणाकडे पाहिलं तेव्हा बाभळीखाली कोणी नव्हतं.

मंगळवारी तायडेभाऊ रुजू झाले. मी अहवाल तयार ठेवला होता. काम अडले काय, नाही. किती जनावरे परत पाठवली, एकही नाही. अधिकाऱ्यावाचून कोणता निर्णय राहिला, कोणताही नाही. अक्षर न् अक्षर खरं होतं. ते पास झाले होते, बार्शीटाकळीतच राहणार होते, आणि हे सांगताना मला खरोखर आनंद झाला होता. त्यांनी चष्मा लावून तो कागद वाचला, खालपर्यंत वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"चांगलं लिहिलं बाबू," ते म्हणाले. मग कागदाकडेच बघत, "कोणी विचारलं काय माह्याबद्दल?"

"विचारलं ना. पुष्कळांनी."

"ते इथं नाही लिहिलं."

"त्याला रकाना नाही, भाऊ. आणि लिहिलं तर मार्क कापतील."

"हां, तेबी हाय." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, पण उठले नाहीत. "कोण कोण होतं?"

मी चार नावं सांगितली. प्रत्येक नावाला त्यांनी मान डोलावली. त्यातल्या शिवरामच्या गाईच्या कासेची सूज उतरली काय, असं मध्येच विचारलं. चार नावं संपली. ते अजून बसूनच होते, हात मांडीवर ठेवून. मला राहवेना. मी आणखी नावं सांगायला लागलो, आठवतील तशी, जुन्या नोंदींतली. महादेव, त्याचा भाऊ, धाब्याकडचा तो म्हशीवाला. कान्हेरीचा संपतराव, तो तर दोनदा येऊन गेला, म्हणालो.

शब्द तोंडातून गेल्यावर मला आठवलं, की संपतराव गेल्या पोळ्याआधीच वारला होता. त्याच्या मातीला आम्ही दोघं एकाच बैलगाडीत बसून गेलो होतो.

तायडेभाऊंनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मग स्टूल थोडं जवळ ओढून घेतलं.

"आन अजून कोण?" ते म्हणाले.