बेरिंग पाह्यली का?

आमच्या घाटंजीच्या चौकात सकाळचे आठ वाजले हे कळायला घड्याळ लागत नाही. समोर गजूच्या चहाच्या टपरीवर फुलसिंगभाऊ उभे राहतात, चिमटीत एक पांढरी गोळी धरतात आणि साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "पाहून घ्या बरं! मंग म्हणू नका, पाह्यलं नाही." गोळी तोंडात, वरून गजूच्या हातचं पाणी. मग ते आ करतात, जीभ बाहेर काढतात, जीभ वर उचलतात, डाव्या गालात फिरवतात, उजव्या गालात फिरवतात. चहा पिणारी चार-सहा माणसं वाकून बघतात. कुणीतरी म्हणतं, "गेली." तेव्हा कुठे फुलसिंगभाऊ तोंड मिटतात आणि टपरीला लागून असलेल्या आपल्या दुकानाचं शटर उचलायला जातात.

हा सोहळा मी रोज माझ्या ओट्यावरून बघते. मी निवृत्त शिक्षिका, गणिताची. दुसऱ्याच्या घशात डोकावण्याची मला हौस नाही. पण ओटा माझा आहे आणि चौक नेमका समोर आहे, त्याला मी काय करणार? सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. माणसानं औषध घ्यावं, पण घरात घ्यावं, चव्हाट्यावर कशाला? एकदा बोललेच मी. "फुलसिंगभाऊ, ती गोळी घरी नाही का घेता येत?"

"घेता येते ना बाई," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "पण मंग पाहीन कोण?"

माणसाला नाटकाची हौस आहे, अशी नोंद करून मी विषय संपवला. माणसांबद्दलच्या अशा नोंदी मी शाळेत पस्तीस वर्षं केल्या, त्यातल्या किती चुकल्या देव जाणे.

फुलसिंग राठोड हे मोटार वाइंडिंगवाले. शेतातल्या विहिरीवरची मोटार जळली की ती यांच्या दुकानात येते. जळकी तार उपटायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश मारायचं, वाळवायचं. दुकानामागच्याच खोलीत ते राहतात आणि त्यांची भिंत ती माझी भिंत. त्यामुळे दिवसभर हातोडीची ठकठक आणि वार्निशचा वास मला फुकट मिळतो. माझे यजमान गेल्यावर आणि मुलगा पुण्याला स्थायिक झाल्यावर त्या ठकठकीची मला सवय झाली. सवय म्हणजे काय, ती थांबली की मी कान देऊन बसायचे.

एके काळी फुलसिंगभाऊ पट्टीचे पिणारे होते. साधेसुधे नाही. सकाळी जळकी मोटार दुरुस्तीला घ्यायचे आणि दुपारी तिलाच मिठी मारून झोपायचे. घरच्यांनी दोनदा कुठल्याशा केंद्रात नेऊन टाकलं. दोन्ही वेळा सुधारून आले, चौकानं हार घातला, आणि दोन्ही वेळा हार सुकायच्या आत पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी किती पिता हे नंतर विचारलं. आधी विचारलं, "दारू नव्हती तेव्हा कसे होतात?"

हा प्रसंग फुलसिंगभाऊ रंगवून सांगतात. "म्या इचार केला बाई. दारूच्या आधीबी मले झोप नव्हती. महिना महिना कशातच जीव लागे ना. हातोडी उचलाले गेलो तं वाटे, कायले? मंग कोण्या दोस्तानं पाजली, अन् त्या दिवशी झोप लागली. म्याडम म्हणे, मग दारू एक बिमारी अन् उदासी दुसरी, दोन्हीचा इलाज संगंसंगं करा लागते. म्या म्हटलं, म्याडम, हे तं मोटारीचं झालं! बेरिंग जाम असली का मोटारीवर लोड येते, मंग वाइंडिंग जळते. कच्चा मिस्त्री नुसती वाइंडिंग करून देते, बेरिंग पाहतच नाही. आठ दिवसात मोटार वापस. दोन वेळा लोकायनं माही वाइंडिंग केली. बेरिंग कोणी पाह्यलीच नाही."

डॉक्टरबाईंना बेरिंग कळेना. तेव्हा म्हणे फुलसिंगभाऊंनी त्यांच्याच कागदावर मोटारीचा आडवा छेद काढून दाखवला. बाहेर रांग खोळंबली होती.

तेव्हापासून त्यांचा जगाला एकच प्रश्न आहे. गजूचं दूध फाटलं, "बेरिंग पाह्यली का?" एका मास्तरांचा मुलगा बारावीत नापास झाला, "मार्क कायले पाहता, बेरिंग पाह्यली का?" माझा गुडघा दुखतो म्हटलं तरी तेच, आणि तिथे निदान अर्थ तरी लागला. आठवडी बाजारात कुणी झोकांड्या खाताना दिसला की हे त्याला धरून आणणार, दुकानातल्या जळक्या मोटारीवर बसवणार आणि विचारणार, "दारूचं राहू दे. झोप येते का, हे सांग." तो रडू लागला की मंगळवारच्या बसमध्ये घालून यवतमाळला नेणार.

एकदा मी मुलाची तक्रार करत होते, की फोन करत नाही, केला तर दोन मिनिटांत ठेवतो. फुलसिंगभाऊ म्हणाले, "बाई, रागावू नका. तुमची बेरिंग पाह्यली का कोणी?" मी रागावले. आठ दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

तर अशी तीन वर्षं बरी गेली. यंदा दिवाळीनंतर मात्र काहीतरी बिघडलं. गहू-हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस, म्हणजे यांचा खरा हंगाम. दुकानासमोर जळक्या मोटारींची रांग लागलेली. आणि फुलसिंगभाऊ शटर अर्धंच उघडून आत बसून राहायचे. सकाळची गोळी व्हायची, पण "पाहून घ्या" हळू झालं, जीभ फिरवणं बंद झालं. शेतकरी दोन-दोन चकरा मारून मोटारी परत न्यायला लागले.

चौकात कुजबुज सुरू झाली. "पुन्हा पेला असन." चौकशी नेमली गेली. गजू स्वतः चहा घेऊन आत गेला, कप देताना नाक पुढे केलं आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "वास नाही." दुसऱ्या दिवशी दुसरा कुणी गेला, गळाभेट घेऊन हुंगून आला. "बिलकुल नाही. माणूस ठीक हाय." झालं! चौकानं सुटकेचा निःश्वास टाकला. प्यायलेला नाही म्हणजे बरा आहे. खरं सांगते, मीही टाकला. आत बसलेला माणूस चार दिवस जेवला नव्हता, आणि आम्ही त्याचा श्वास हुंगून समाधानानं घरी गेलो. त्याची मला आजही लाज वाटते.

पाचव्या दिवशी भिंतीपलीकडून एकही ठोका आला नाही. मी भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन गेले. ते स्टुलावर बसले होते, मांडीवर तारेचं भेंडोळं. दाढी वाढलेली.

"प्यालात?" मी सरळ विचारलं. पस्तीस वर्षांची सवय.

"नाही बाई."

"मग?"

"काहीच नाही. तार दिसते, हात जात नाही."

मी त्यांच्यासमोर जळक्या मोटारीवर बसले. माझ्या वयाला ते बरं दिसत नव्हतं, पण दुसरी जागा नव्हती. म्हटलं, "फुलसिंगभाऊ, बेरिंग पाहिली का?"

त्यांनी मांडीवरचं भेंडोळं खाली ठेवलं. मग उठले आणि वार्निशच्या रिकाम्या डब्यातून गोळ्यांची पाकिटं काढून माझ्या हातात दिली. बंद, न उघडलेली. दीड महिन्याची. तेव्हा मला कळलं की गोळ्या दोन आहेत. चौकात घेतात ती दारूची. ही दुसरी उदासीची, रोज संध्याकाळची, शटर पाडून एकट्यानं घ्यायची. जगाला बेरिंग विचारत फिरणाऱ्या या माणसानं स्वतःच्या बेरिंगचं औषध चौकाला कधी दाखवलं नव्हतं.

"दारू सोडली तं लोकं हार घालते बाई. हे गोळी पाह्यली तं म्हणते, पागल हाय."

"पण बंद का केलीत?"

"पूजाचं जमून राह्यलं." पूजा त्यांची मुलगी. "माह्या साळ्याचा फोन आलता. पोराकडचे आर्णीकडचे हायेत, चांगले हायेत. इथं चौकशीले येतीन. बाप पेत होता, सोडली, हे चालते. बाप डोक्याची गोळी खाते म्हटलं का बोलणी बंद. म्हणतीन, घराण्यातच हाय. अन् मले तोंडावर कोणी इचारलं तं खोटं सांगता येत नाही. म्हणून गोळीच सोडली. आता इचारू द्या. नाही घेत म्हणून सांगीन."

पाकिटांसोबत दवाखान्याचा जुना कागद होता, चष्मा लावून तो वाचत बसले. पांढऱ्या गोळीपुढे डॉक्टरबाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'रोज सकाळी, घरच्या माणसासमोर घ्यावी.' सहा वर्षांपूर्वी फुलसिंगभाऊंची बायको पूजाला घेऊन दिग्रसकडच्या तांड्यावर भावाकडे निघून गेली होती. घरात माणूसच नव्हतं. आणि मी त्याला नाटकाची हौस म्हणत होते.

पुढच्या मंगळवारी मी त्यांना घेऊन यवतमाळला गेले. म्हणजे या वेळी त्यांना बसमध्ये मी घातलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हे औषध मनानं बंद करायचं नसतं. पुन्हा सुरू करू, गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, दर आठवड्याला समुपदेशक ताईंशी बोलायचं. मग आवाज खाली आणून विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?"

फुलसिंगभाऊ फरशीकडे बघून म्हणाले, "येते मनात."

आमच्यात फक्त एक भिंत होती.

डॉक्टरबाईंनी भरती व्हायला सुचवलं. हे म्हणाले, शेतकऱ्यांच्या मोटारी पडल्या आहेत. खूप बोलणं झालं. शेवटी ठरलं की दर आठवड्याला यायचं, दुसरी गोळीही कुणासमोर तरी घ्यायची, आणि तो विचार जोर करू लागला तर त्याच दिवशी इथे यायचं. "तुम्ही यांच्या कोण?" त्यांनी मला विचारलं.

"शेजारीण."

"चालेल," त्या म्हणाल्या आणि कागदावर लिहिलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला फुलसिंगभाऊ माझ्या ओट्यावर येतात. इथे आरडाओरडा नाही, जीभ दाखवणं नाही. ते गिळतात, मी "गेली" म्हणते. तीन आठवड्यांनी भिंतीपलीकडे ठकठक पुन्हा सुरू झाली. त्यांनी एकच विनवणी केली होती, "बाई, घेतो मी. पण चौकशीले आले तं तुमी दवाखान्याचं सांगू नका." मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

आणि ते आले. मुलाची आई आणि तिचा भाऊ, थेट माझ्या ओट्यावर. शाळेच्या बाई खरं सांगतात असं कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. भावानं दारूचं विचारलं. मी म्हटलं, तीन वर्षं थेंब नाही, हवं तर चौकाला विचारा. तो खूश झाला. मग मुलाची आई म्हणाली, "अजून काही हाय का, बाई?"

नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. लग्न जमलं असतं. पण मग हा माणूस जन्मभर ती गोळी लपवत राहिला असता आणि पुढच्या कुठल्या तरी चौकशीला पुन्हा सोडून बसला असता. त्याच्या वतीनं हे ठरवण्याचा मला हक्क होता का, ठाऊक नाही. मी सांगितलं. उदासीचा आजार आहे, रोज गोळी घेतात, दवाखान्यात जातात, आता बरे आहेत.

भावानं कप खाली ठेवला. मुलाच्या आईनं त्याला बसची वेळ बघायला पिटाळलं आणि माझ्याजवळ सरकली. "कोणत्या वारी असते बाई तो दवाखाना?"

"मंगळवारी."

"पोराच्या बापाची दोनदा सोडवली आमी दारू. दोनदाबी सुरू झाली. झोपतच नाही तो माणूस. पण झोपेचं आमाले कोणी इचारलंच नाही." तिनं पदरानं डोळे पुसले. "पोरगी पसंत हाय आमाले. रविवारी तारीख कळवतो म्हणून सांगजा."

ती गेल्यावर मी दुकानात गेले. म्हटलं, "फुलसिंगभाऊ, मी सांगून टाकलं."

हातोडी थांबली. "म्हणजे जमलेलं गेलं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग मी पुढचं सगळं सांगितलं, मंगळवारचं, रविवारचं. ते ऐकत राहिले, हातातली तार बोटाला गुंडाळत राहिले.

"म्हणजे पूजाले पाहून आल्या त्या?"

"हो ना. पसंत आहे म्हणाल्या."

"उंच झाली का म्हणे?"

मी विचारलंच नव्हतं. तसं सांगितलं.

"गेली तवा इथपर्यंत होती," फुलसिंगभाऊ म्हणाले आणि तळहात छातीशी आडवा धरला. मग अंदाजानं तो थोडा वर नेला, पुन्हा थोडा वर नेला, आणि तिथंच धरून उभे राहिले.